टर्बो नव्हे, पाइप फाटला होता

खंबाटकीच्या चढाला माझी डिझेल गाडी दम टाकायची. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर आणि बॉनेटखाली फुस्स आवाज. स्कॅनरवर कोड आला पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोचा पंखा इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) कमी. गॅरेजवाले म्हणाले, "टर्बो गेला, बदलावा लागेल."

मला ते पटेना. टर्बोचं सील गेलं तर ऑइल जळून निळसर धूर येतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. म्हणून इंजिन गार झाल्यावर एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून टर्बोचा पंखा बोटाने फिरवला. मोकळा फिरला, पाती शाबूत. शाफ्ट आडवा किंचित हलतो, ते चालतं, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे हलला किंवा पाती घासली असती तर मात्र खर्च अटळ होता.

मग टर्बोच्या तोंडाला झाकण बसवून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जेमतेम १० पीएसआय हवा सोडली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. (जास्त दाब देऊ नका.) इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) रबरी पाइपाला खालच्या बाजूने बुडबुडे! चीर अशी, की दाब आल्याशिवाय उघडतच नाही; नुसतं बघून कुणाला सापडणार? आत थोडं ऑइल होतं, तेवढं बहुतेक गाड्यांत असतं.

नवा पाइप, नव्या क्लिपा, कोड पुसला. व्हॅक्यूमची बारीक नळीही कडक झाली होती, ती लगे हात बदलली. आता घाटात तिसऱ्या गिअरवर आरामात चढते.