तलंग अंड्यावर येतेय हे कसं ओळखायचं

महिने मोजत अंड्याची वाट बघू नका. गावठी तलंग, म्हणजे अजून अंडं न घातलेली तरणी कोंबडी, साधारण सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते, सुधारित जातीची ग्रामप्रिया साडेपाच-सहा महिन्यांत, आणि पोल्ट्रीतली पांढरी लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, तर १८ ते २० आठवड्यांतच सुरू होते. पण एकाच खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली निघालेल्या बहिणी-बहिणींतही महिनाभराचा फरक पडतो. शिवाय दिवस किती मोठा आहे त्यावरही ते असतं. आमच्या कोकणात संगमेश्वराकडे पावसाळ्यात निघालेली पिल्लं वयात येतात ती ऐन डिसेंबर-जानेवारीत, दिवस जेमतेम ११ तासांचा असताना. मग त्यातल्या बऱ्याच जणी संक्रांत उलटून दिवस वाढायला लागल्यावरच मनावर घेतात. तेव्हा कॅलेंडर भिंतीवर राहू दे, कोंबडीकडे बघा.

पहिली खूण तुरा. कोवळा असतो तेव्हा फिकट गुलाबी, सुकल्यासारखा दिसतो. अंड्याचे दिवस जवळ आले की तो आणि चोचीखालची लोंबती कातडी भरते, लालभडक होते, हाताला उबदार लागते. कडकनाथ पाळणाऱ्यांना या खुणेचा उपयोग नाही, कारण तिचा तुरा मुळात काळपट.

दुसरी खूण माझ्या मते सगळ्यात भरवशाची. जी तलंग काल हात लावायला गेलं की परड्याच्या टोकापर्यंत पळायची, ती आज पाठीवर हात नेला की जागच्या जागी बसकण मारते. पंख थोडे फाकवते, पाठ सपाट करते, हलत नाही. हात काढला की उठून सगळी पिसं झाडते आणि काही झालंच नाही अशी चरायला लागते. शेजारच्या काकींनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "अगो, हिच्या पायातला जीव गेला की काय?" तसं काही नाही. कोंबड्यासमोर बसतात तीच ही बैठक. घरात कोंबडा नसला तर ती माणसासमोर बसते. इथून पुढे बहुतेक आठवडा-दोन आठवड्यांत अंडं येतं. काही गावठी कोंबड्या मात्र कधीच बसत नाहीत, तेवढ्यावरून त्यांना वांझ ठरवू नका.

शंका असेल तर रात्री दांडीवरून अलगद उचला, काखेत धरा आणि शेपटीखाली बोटं लावून बघा. अंड्याच्या वाटेच्या दोन बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. मध्ये एकच बोट कसंबसं मावत असेल तर अजून अवकाश आहे. दोन बोटं सहज बसली, हाडं लवचिक लागली आणि ती जागा ओलसर, रुंद दिसली, तर तयारीला लागा.

तयारी म्हणजे मुख्यतः जागा. तलंग पहिलं अंडं जिथे घालते तिथेच पुढे घालायचा हट्ट धरते, म्हणून खोकं किंवा टोपली बसकण दिसायच्या आधीच ठेवलेली बरी. पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून हात-दीड हात वर, आत चांगला वीतभर पेंढा. त्यात एखादं प्लास्टिकचं अंडं नाहीतर अंड्याएवढा गुळगुळीत गोटा ठेवा. मग बघत बसा, मजा असते. ती येते, मान वाकडी करून आत डोकावते, कुरकुरते, परत जाते. पुन्हा येते, आत शिरून गोल फिरते, चोचीने पेंढ्याची काडी उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते. काडी घसरते, ती दुसरी उचलते. पाच मिनिटं बसून उठते, आणि दिवसभर उगाच कॉक-कॉक करत हिंडते. नव्या सुनेने सासरची फडताळं उघडून बघावीत तसं चाललेलं असतं. या दिवसांत खुराडं हलवू नका, नवे पक्षी आत सोडू नका.

खाणं वाढतं. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि पहिल्या अंड्याच्या दोनेक आठवडे आधीपासून कोंबडी ते हाडांत साठवायला लागते. कालवांची नाहीतर तिसऱ्यांची शिंपलं भाजून, डाळीएवढी कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा. जिला हवं ती खाते. लेअरचं तयार खाद्य मात्र लहान पिल्लांसोबत चरणाऱ्यांना घालू नका. त्यातलं साडेतीन-चार टक्के कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

पहिली अंडी लहान असतात, कधी बिनकवचाची, कधी वर रक्ताची रेघ. घाबरू नका, आठ-पंधरा दिवसांत घडी बसते. पण कोंबडी पिसं फुगवून, शेपटी पाडून बसली, पाय फाकवून चालते, कुंथते आणि खात नाही, तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात मागचा भाग बुडवून वीस मिनिटं धरा, मग अंधारात शांत ठेवा. दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर कोंबडी जाते. तासा-दोन तासांत सुटली नाही तर गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.

आणि तुरा लाल, बसकण चालू, तरी टोपली रिकामीच? मग ती बाहेर घालतेय. लाकडांची रास, माडाचं आळं, पेंढ्याच्या उडवीची मागची बाजू धुंडाळा. ओरडते तिथे शोधू नका, अंडं घातल्यावर ती बरीच लांब येऊन ओरडते. सकाळी कुठे गुपचूप सटकते त्यावर नजर ठेवा. जागा सापडली की आठवडाभर तिला अकरा वाजेपर्यंत टोपलीजवळ कोंडा. ते जमणार नसेल तर तिथलीच अंडी मुंगसाच्या आधी रोज उचला. पेन्सिलीने खूण केलेलं एक तेवढं मागे ठेवा, कारण सगळी उचललीत की ती दुसरी जागा धरते.