मशीन लावलं, अक्षरं मोठी केली, झालं? अंध आणि कर्णबधिर मुलांना शिकवताना या चुका टाळा

त्याच चुका परत परत बघून वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते. करणारी माणसं वाईट नसतात हो, फक्त घाईत असतात.

पहिली आणि सगळ्यात डोकं फिरवणारी म्हणजे "कानाला मशीन आहे ना, मग ऐकू येतंच की". नाही येत. चष्मा लावला की दिसायला लागतं तसं मशीनचं नसतं. ते आवाज मोठा करतं, पण त्यात पंखा, बाकांची खरखर, शेजारच्यांची कुजबुज सगळंच येतं, आणि तुम्ही दोन-तीन मीटर लांब गेलात की तुमचा आवाज त्यात बुडतो.

एका शाळेत चौथीतल्या मुलाबद्दल तक्रार होती, लक्ष देत नाही, हट्टी आहे, मुद्दाम चुकीचं लिहितो. जाऊन मागे बसले. सर वर्गात फिरत फिरत श्रुतलेखन घालत होते, अर्धा वेळ पाठ मुलाकडे, आणि पोरगं 'माप'च्या जागी 'बाप' लिहीत होतं. आता पाप, बाप, माप हे तिन्ही आरशासमोर बोलून बघा, ओठ सारखेच हलतात. ते बिचारं ओठांवरून अंदाज बांधत होतं, कारण मशीन चालू, बॅटरी नवी, पण कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत घामाचं पाणी साचलेलं आणि आवाज कानात जातच नव्हता! कोणी उघडून बघितलंच नव्हतं. हट्टी म्हणे.

माझी सवय सांगते. सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी तोंडासमोर कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज साध्या आवाजात काढायचे, क्रम रोज बदलून, आणि मुलाने ऐकून म्हणून दाखवायचे. मिनिटभराचं काम. रोज येणारा 'स' आज आला नाही तर आधी नळी आणि बॅटरी बघायची, तरीही नाही आला तर ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे), अभ्यासाचं नंतर. आणि "समजलं का?" विचारू नका, मुलं मान डोलावतात, "काय सांगितलं ते सांग" म्हणा.

दुसरी, कमी दिसतं म्हटलं की सगळं झेरॉक्सवर मोठं करून द्यायचं. ज्या मुलाला नळीतून बघितल्यासारखं फक्त मधलंच दिसतं (रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार, वाढलेला काचबिंदू) त्याला अक्षर मोठं केलं की उलट एका नजरेत कमी अक्षरं मावतात आणि वाचनाचा वेग पडतो. अशा मुलाला बऱ्याचदा साधाच टाइप, चांगला उजेड आणि ठळक काळी शाई जास्त उपयोगी पडते. एकच उतारा दोन-तीन साइजमध्ये वाचायला द्या, घड्याळ लावा, कळेल. आणि डोळे सतत थरथरणारं मूल मान वाकडी करून वाचत असेल तर "सरळ बस" म्हणून ओरडू नका, त्या कोनात थरथर कमी होते म्हणूनच ते तसं बसतं.

फळ्यावर लिहिताना "हे आणि हे मिळवलं की हे आलं" बंद करा, आकडे तोंडाने बोला.

अंध मुलाचा हात धरून ओढू नका, तुमचं कोपर त्याला धरू द्या.

कर्णबधिर मुलाबरोबर खुणांच्या भाषेचा दुभाष्या असेल तर बोलायचं मुलाशी, दुभाष्याशी नाही.

"ऑडिओ आहे, ॲप आहे, आता ब्रेल कशाला?" असा शॉर्टकट काढणाऱ्यांपुढे मी हात टेकले. ऐकून गोष्ट कळते, पण ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, गणिताची मांडणी कुठून कळणार? ब्रेलच्या सहा टिंबांच्या 63 आकृत्या बोटांना ओळखू यायला महिने लागतात आणि लोक पंधरा दिवसांत विचारतात, अजून वाचत नाही का! डोळस मूल तरी पंधरा दिवसांत वाचतं का?

शेवटचं परीक्षेचं. लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा, आदल्या दिवशी शोधू नका. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, गणितात तर फारच, त्यामुळे घटक चाचणीपासूनच त्याच लेखनिकाबरोबर सराव करा. आणि वाढीव वेळेचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच द्या.