आयपीसीसीच्या मसुद्यावर उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा लिहावा

आयपीसीसी म्हणजे हवामानबदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारे संयुक्त राष्ट्रांचे आंतरसरकारी मंडळ. त्याच्या सहाव्या मूल्यांकनात पहिल्या कार्यगटाच्या (हवामानाचे भौतिक विज्ञान पाहणाऱ्या) अहवालाच्या मसुद्यांवर ७८ हजारांहून अधिक अभिप्राय आले. लेखक होते २३४. प्रत्येक अभिप्रायाची दखल लेखकांना घ्यावीच लागते आणि उत्तर लेखी नोंदवावे लागते. अशा ढिगात मोघम शेरा वाया जातो, नेमका अभिप्राय मात्र मजकूर बदलू शकतो.

समीक्षक होण्यासाठी सरकारची शिफारस लागत नाही. आपला अभ्यासविषय सांगणारी स्वयंघोषणा भरून नोंदणी करायची. मसुदा साधारण आठ आठवडे खुला असतो. तो गोपनीय असतो, त्यातले काहीही उद्धृत करायचे किंवा पुढे पाठवायचे नाही. अख्खा अहवाल वाचण्याचा हट्ट नको. स्वतःच्या विषयाचे एक प्रकरण आणि त्याच्याशी जोडलेला सारांश नीट वाचला तरी पुष्कळ हाती लागते.

पहिला मसुदा तज्ज्ञांपुढे येतो. रचना, राहून गेलेले विषय, न घेतलेले संशोधन हे सारे याच वेळी मांडावे. दुसरा मसुदा तज्ज्ञ आणि सरकारे दोघांकडे जातो. तेव्हा प्रकरणाची मांडणी बदलायला सांगून फारसे काही होत नाही. आकडे, आकृत्या आणि विश्वासपातळी (निष्कर्ष किती खात्रीचा ते सांगणारा दर्जा) तपासावी.

खरे काम संदर्भ उघडून पाहण्याचे. विधान, मूळ शोधनिबंधातला आकडा आणि सारांशातले वाक्य ही तिन्ही शेजारी ठेवून वाचा. चुका बहुतेक या प्रवासातच शिरतात. आधाररेषा (ज्या काळाशी तुलना करून वाढ मोजतात तो काळ) हमखास बदललेली सापडते: १९९५–२०१४ हा काळ १८५०–१९०० पेक्षा सुमारे ०.८५ अंश सेल्सिअसने उष्ण आहे, म्हणजे आधाररेषा न सांगता दिलेली तापमानवाढ निरर्थक ठरते. दुसरी जागा अनिश्चिततेच्या पट्ट्याची. आयपीसीसीच्या भाषेत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के शक्यता. शोधनिबंधातला ५ ते ९५ टक्क्यांचा पट्टा, म्हणजे ९० टक्के शक्यतेचा, मसुद्यात ‘लाइकली’ म्हणून आला असेल, तर ते लगेच नोंदवा. ‘हाय कॉन्फिडन्स’ लिहिले असेल, तर पुराव्याचे बळ आणि अभ्यासांमधली एकवाक्यता दोन्ही तपासा. एकाच संगणकी हवामान-प्रारूपावरचे पाच निबंध म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत.

हे किती महत्त्वाचे, ते २००७ च्या अहवालात दिसले. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असे त्यात छापले गेले. त्याचा आधार समीक्षित शोधनिबंध नव्हता. त्या भागावर समीक्षकांनी शंका काढल्या होत्या, पण त्यांचा पाठपुरावा झाला नाही. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला खेद व्यक्त करावा लागला.

अभिप्राय तक्त्यात भरायचा असतो: प्रकरण, सुरुवातीचे पान व ओळ, शेवटचे पान व ओळ, मग मजकूर. पान मसुद्यावर छापलेले घ्या. पीडीएफ वाचकाने दाखवलेला आकडा वेगळा असू शकतो आणि मग अभिप्राय भलत्याच वाक्याला चिकटतो. आकृतीसाठी तिचा क्रमांक आणि कोणता भाग ते लिहा. एका रांगेत एकच मुद्दा. ‘वरीलप्रमाणे’ लिहू नये, कारण रांगा वेगळ्या करून वेगवेगळ्या लेखकांना दिल्या जाऊ शकतात.

‘हा परिच्छेद एकांगी आहे’ यावर लेखक काहीच करू शकत नाही. त्याऐवजी लिहा: ‘या ओळीतली वाढ १९८६–२००५ च्या तुलनेत आहे, पण आकृतीत १८५०–१९०० धरले आहे, दोन्हीकडे एकच आधाररेषा घ्यावी आणि वाक्य असे करावे’, आणि पुढे सुधारलेले वाक्य पूर्ण लिहून द्या. नवा निबंध सुचवताना डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) द्या आणि त्याने कोणता निष्कर्ष बदलतो ते सांगा. तो अहवालात घेण्याच्या संशोधनासाठी ठरलेल्या अंतिम तारखेत बसतो का, हेही पाहा. स्वतःचेच निबंध घुसवण्याची यादी लेखक लगेच ओळखतात, आणि त्यामुळे तुमच्या चांगल्या मुद्द्यांचेही वजन घटते. शुद्धलेखनात वेळ घालवू नका, ते पुढे संपादनात होते.

अहवाल पूर्ण झाल्यावर सगळे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरे प्रसिद्ध होतात. आपल्या नावासह वाचले जाईल, असेच लिहावे. पहिल्या मसुद्यातली चूक दुसऱ्यातही राहिली असेल, तर ‘आधी सांगितले होते’ एवढ्यावर थांबू नये. नवे पान, नवी ओळ आणि पूर्ण पुरावा देऊन ती पुन्हा मांडावी.