ठशांचे ब्रश बनवताना या चुका टाळा

ठशाचा ब्रश म्हणजे एखादं चित्र शिक्क्यासारखं हवं तितक्या वेळा, हव्या त्या रंगात उमटवणारा संगणकावरचा ब्रश. फोटोशॉपमध्ये (चित्रांवर काम करण्याच्या प्रोग्रॅममध्ये) 'डिफाइन ब्रश प्रीसेट' निवडायचं, नाव टाइप करायचं, झाला ब्रश. नव्याने शिकणाऱ्यांची सगळी घाई या दोन सेकंदांच्या कामासाठी असते. पण ब्रश चांगला निघणार की वाया जाणार, हे त्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं. स्कॅन कसा केला, कागदाचा पांढरा रंग खरोखर पांढरा आहे का आणि चित्र किती पिक्सेलचं आहे, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. कार्ड, टॅग, स्क्रॅपबुकची पानं, स्टेन्सिल यांसाठी बनवलेले बहुतेक ब्रश इथेच बिघडतात.

पांढरा दिसतो, पण पांढरा नसतो

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. ब्रशच्या टोकाला स्वतःचा रंग नसतो, फक्त राखाडी छटा असतात. काळ्या भागातून रंग पूर्ण उमटतो, पांढऱ्यातून अजिबात नाही आणि मधल्या छटांतून त्या त्या प्रमाणात. संगणकात काळ्याचा आकडा ०, शुद्ध पांढऱ्याचा २५५. स्कॅनरमधून साधा कागद येतो तो बहुधा २४५ ते २५० वर. डोळ्यांना फरक कळत नाही, ब्रशला मात्र कळतो. २५० म्हणजे चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेतूनही जवळपास २ टक्के रंग उमटणार.

एका हौशी कलाकाराने शाईने काढलेल्या झाडाच्या पानांचे ब्रश बनवले होते. एकेक ठसा तपासून पाहिला, सगळे स्वच्छ वाटले. मग कार्डाच्या पार्श्वभूमीसाठी पानांवर पानं उमटवत दाट झुडूप तयार केलं. छापून आल्यावर झुडुपामागे मळकट तपकिरी चौकोन दिसू लागले, एकमेकांवर चढलेले, सरळ कडांचे. दोष प्रिंटरचा म्हणून शाई बदलली, कागद बदलला, चौकोन तसेच. कारण साधं होतं. २ टक्क्यांचा एक थर दिसत नाही, पण एकाच जागी वीस ठसे पडले की तिथे जवळपास ३३ टक्के रंग साचतो. ब्रश एकदा उमटवून तपासणं म्हणजे न तपासल्यासारखंच.

हे टाळायला ब्रश बनवण्याआधी चित्रावर थ्रेशोल्डचा (ठरावीक आकड्याच्या खालचं सगळं काळं आणि वरचं पांढरं दाखवणारा) ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ चित्र न बदलणारा थर, चढवा आणि आकडा २५५ वर न्या. जे शुद्ध पांढरं नाही ते सगळं आता काळं दिसेल: कागदाचा पोत, धुळीचे कण, कोपऱ्यातली सावली. पाहून झालं की तो लेयर काढून टाका आणि काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा ठरवणारं 'लेव्हल्स' उघडा. ऑल्ट दाबून धरून उजवीकडचा पांढरा स्लायडर आत ओढत राहा. पडदा काळा होईल आणि शुद्ध पांढरा झालेला भाग तेवढा पांढरा दिसेल. चित्राभोवतीचा सगळा कागद पांढरा झाला की थांबा. आणखी ओढलंत तर पेन्सिलीच्या फिक्या रेषा पुसल्या जातील. एखादा कोपरा तरीही हट्टी असेल तर त्याच्यासाठी स्लायडर ताणू नका, तेवढा भाग कडक कडेच्या पांढऱ्या ब्रशने पुसून काढा. शेवटी थ्रेशोल्डची तपासणी पुन्हा एकदा.

मूळ चित्र जेपीईजीमध्ये सेव्ह करणंही याच चुकीचं भावंड आहे. त्या फॉरमॅटमुळे गडद रेषांच्या भोवती फिकट राखाडी डाग येतात आणि ते ब्रशमध्ये जसेच्या तसे उतरतात. पीएनजी, टिफ किंवा पीएसडी वापरा.

मोबाइलने काढलेल्या फोटोत प्रकाश एकसारखा नसतो, त्यामुळे एकट्या लेव्हल्सने भागत नाही. एक कोपरा पांढरा होईपर्यंत दुसरीकडची रेषा उडते. अशा वेळी लेयरची प्रत करा, प्रतीवर गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) लावा (२००० पिक्सेलच्या फोटोला १०० ते १५० त्रिज्या पुरते) आणि तिचा ब्लेंडिंग मोड (ती खालच्या लेयरमध्ये कशी मिसळते ते) 'डिव्हाइड' करा. सावली निघून जाते, रेषा राहतात. भरीव काळे आकार मात्र यात आतून पोकळ होतात, म्हणून ही युक्ती फक्त रेखाचित्रांसाठी. भरीव आकार स्कॅनच करायला हवेत.

छोटा ब्रश मोठा करून वापरणं

ब्रश लहान करता येतो, मोठा करता येत नाही. म्हणजे स्लायडर पुढे सरकतो, पण नवीन तपशील कुठून येणार? कडा धूसर होतात. छपाईसाठी ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) धरा. ४ इंचांचा ठसा हवा असेल तर चित्र किमान १२०० पिक्सेलचं पाहिजे, ८ इंचांचा असेल तर २४००. माझी पद्धत म्हणजे लागेल त्याच्या दुप्पट आकाराचा ब्रश बनवून ठेवणं. फोटोशॉपमध्ये सीएस ६ पासून ५००० पिक्सेलपर्यंतचा ब्रश चालतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत मर्यादा २५०० ची होती. ब्रश जुन्या आवृत्तीवाल्यांना द्यायचा असेल तर हे लक्षात असू द्या.

रेखाचित्र ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, तेही ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांत. स्कॅनरचा निव्वळ काळा-पांढरा मोड सोपा वाटतो, पण त्यात रेषेच्या कडेची मऊ छटा जाते आणि करवतीसारखे दात येतात. ते नंतर बुजवत बसण्यापेक्षा पुन्हा स्कॅन केलेलं परवडतं.

उलट बाजूही पाहा. ३०० पीपीआयवर ०.२५ मिलिमीटरची रेषा म्हणजे जेमतेम ३ पिक्सेल. मोठा नाजूक ब्रश फार लहान करून छापलात तर अशा रेषा तुटक येतात. लहान ठशासाठी जाड रेषांचं वेगळं चित्र काढा.

पिवळं फूल गायब

रंगीत जलरंगाचं चित्र थेट ब्रश करू नका. राखाडीत बदलताना पिवळा रंग जवळजवळ पांढरा होतो, त्यामुळे कागदावर ठसठशीत दिसणाऱ्या फुलाचा ठसा अगदी पुसट निघतो. आधी 'ब्लॅक अँड व्हाइट' ॲडजस्टमेंट लावून पिवळ्याचा स्लायडर खाली आणा. त्याहून चांगलं म्हणजे ब्रशसाठी मुद्दाम काळ्या किंवा गडद निळ्या रंगाने रंगवा. रंगाचा फराटा कागदाच्या कडेला टेकू देऊ नका. टेकला की ठशाची एक बाजू सुरीने कापल्यासारखी सपाट येते.

थोडक्यात सांगण्यासारखं

पेन टॅबलेटवर ठसा बारीक किंवा फिका येत असेल तर ब्रश बिघडलेला नाही. ब्रशच्या सेटिंग्जमध्ये 'शेप डायनॅमिक्स' आणि 'ट्रान्सफर'मधलं पेन प्रेशर (पेनाच्या दाबानुसार ठसा बदलणं) बंद करा.

प्रत्येक ठसा नव्या लेयरवर.

ब्रश ओढल्यावर ठसे एकमेकांत मिसळून पट्टा होत असेल तर स्पेसिंग (दोन ठशांमधलं अंतर) वाढवा. नेहमीच्या २५ टक्क्यांवर किनारीचा ब्रश चालणार नाही, १०० च्या पुढे जा.

स्पेसिंग, कोन वगैरे बदलल्यावर तो ब्रश नवीन प्रीसेट म्हणून पुन्हा सेव्ह करा. 'डिफाइन'ने फक्त टोकाचा आकार साठवला जातो. सगळे ब्रश एबीआर फाइलमध्ये (फोटोशॉपच्या ब्रशांच्या फाइलमध्ये) एक्स्पोर्ट करून दुसऱ्या डिस्कवरही ठेवा.

गिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये आरजीबी (रंगीत) चित्राचा जीबीआर (गिम्पची ब्रश फाइल) बनवला तर ब्रश स्वतःचेच रंग उमटवतो, तुमचा निवडलेला रंग घेत नाही. मेनूत इमेज, मोड, ग्रेस्केल करा, फ्लॅटन करा (सगळे लेयर एक करा) आणि मग एक्स्पोर्ट. आयपॅडवरच्या प्रोक्रिएट ॲपमध्ये उलटा हिशेब: तिथे पांढरा भाग उमटतो, म्हणून चित्र इन्व्हर्ट करून (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून) द्या.

दुसऱ्याच्या चित्रातून ब्रश बनवून विकू नका. परवानगी विचारा, नाहीतर स्वतः काढा.

कापायच्या कामाला मऊ ब्रश

कटिंग मशीनला राखाडी छटा समजत नाहीत, तिला रेषेची एक निश्चित कड लागते. जलरंगी ब्रशचा ठसा ट्रेस केला (त्याच्या कडेवरून कापायची रेषा काढली) की शेकडो बारीक बेटं तयार होतात, पातं त्यांत अडखळतं आणि कागद फाटतो. कापण्यासाठीचा ब्रश वेगळाच बनवा. चित्र मोठ्या आकारात घ्या, थ्रेशोल्ड १२८ च्या आसपास ठेवा, सुटे ठिपके पुसा, मग ब्रश करा. ठसा उमटवतानाही कमीत कमी १००० पिक्सेलचा उमटवून मग ट्रेस करा, म्हणजे वळणं गुळगुळीत येतात.

स्टेन्सिल असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. कापल्या जाणाऱ्या भागाने चारही बाजूंनी वेढलेला तुकडा गळून पडतो, जसा 'व'च्या पोटातला. त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणारे पूल चित्रातच काढा, साध्या कार्डासाठी निदान २ मिलिमीटर रुंद, आणि मोठ्या तुकड्याला दोन बाजूंनी. ट्रेस झाल्यावर पूल जोडता येतात खरे, पण मग प्रत्येक ठशात तेच काम नव्याने करावं लागतं. ब्रशमध्येच असले की एकदाच.