चावीच्या बाजाचा नाद लागला असेल तर

"ग्रामोफोनचा नाद करायचाय, कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, सहा महिने काहीच घेऊ नका. नुसतं ऐकत फिरा. मी तसं केलं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बारा वर्षं काढलेली, यंत्रातलं आपल्याला कोण काय शिकवणार, ही मस्ती. मुंबईतल्या एका दुकानातून पितळी कर्ण्याचा झगझगीत ग्रामोफोन उचलून आणला. घरी येऊन तळाची फळी काढली, तर चावीची मोटर जुन्या पोर्टेबलची, म्हणजे पेटीतल्या बिनकर्ण्याच्या ग्रामोफोनची, खोकं नवंकोरं, भोकं वाकडी आणि एचएमव्ही कंपनीचं कुत्र्याचं चित्र म्हणजे स्टिकर. कर्णा सांध्यात डुगडुगायचा, निम्मा आवाज तिथंच गळायचा.

तेव्हा कर्ण्याला भुलू नका. काळ्या रेक्झिनच्या पेटीतला पोर्टेबल बघा. एचएमव्हीचं १०२ नंबरचं मॉडेल मिळालं तर लई भारी. दिसायला साधा, पण आत सगळं जागच्या जागी.

घेण्याआधी चावी भरा, तबकडी लावा आणि लांबवलेला सूर ऐका. तो झोके खात असेल तर वेग आवरणारा गव्हर्नर बघा. पातळ पट्ट्यांवर तीन छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, एक चकती ओढून घेतात, चकती नमद्याच्या तुकड्याला घासते आणि वेग आवरतो. तिन्हीपैकी एक पट्टी मोडली की तोल गेलाच. माझ्या १०२ची मोडलेली पट्टी मी फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पोलादी पात्यांतलं, पान कापून बसवली. पोलाद कडक, भोक पाडताना दोन ड्रिल मोडले. वेग तपासायला तबकडीखाली कागदाचा चिटोरा सरकवा, सुई टेकवा आणि मोजा. मिनिटाला ७८, म्हणजे २० सेकंदांत २६ फेऱ्या.

स्प्रिंगचा डबा मात्र पहिल्या वर्षी उघडू नका. ग्रीस वाळलं की गाणं चालू असताना आतून 'धप्' असा आवाज येतो आणि हात शिवशिवतात. मी उघडला. काही मीटर लांब पोलादी पट्टी एका दमात बाहेर आली. तळहातावर चार टाके.

तबकडीची एक बाजू वाजली की पोलादी सुई फेकायची. तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी असते, तीच सुई झिजवते आणि झिजलेली सुई मग खाचा खाते. बायको म्हणते, सोन्याच्या सुया आहेत का रोज नवीन घ्यायला? पण इथं कंजुषी चालत नाही. तबकडी स्पिरिटनं कधी पुसू नका. पॉलिशवाले चपडा, म्हणजे हीच लाख, कशात विरघळवतात ते आठवा. आणि एलपी, म्हणजे नंतरची प्लास्टिकची तबकडी, तर या यंत्रावर ठेवूच नका, सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सच्या वजनाखाली ती एकदाच वाजते.

म्युझिक बॉक्स सापडला तर तुमचं नशीब. रुळावर बारीक खिळे, ते पोलादी फणीचे दात छेडतात. तिथं गव्हर्नरचं काम छोटा पंखा करतो. चावी भरलेली असताना पंख्याला हात लावायचा नाही. तो सुटला की रूळ बेफाम फिरतो, खिळे वाकतात, दात मोडतात. तुटक्या दाताची फणी नीट करणारा मला कोल्हापुरात अजून भेटलेला नाही.

ऐकायचं काय? कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादिया खाँसाहेबांची एकही तबकडी नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या आहेत, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात अख्खा राग. माझ्याकडची एक कडेला तडकली आहे. टाकून देणार होतो. दर फेरीला ती एकदा 'टक्' करते. आता चिटोरा लागत नाही, घड्याळ हातात घेऊन नुसते टक् मोजतो.