मृगाच्या पावसात आमरीची बांधणी: ओळख, निवड आणि घरची जोपासना

रोहिणी नक्षत्र संपत येते तेव्हा सह्याद्रीच्या पट्ट्यातील आंबा, फणस आणि ऐनाच्या फांद्यांवर आमरी या ऑर्किडचे गुलाबी तुरे लोंबू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बागेची पावसाळ्यापूर्वीची सफाईही चालू असते. कोयत्याच्या एका फटक्यात बांडगुळाबरोबर आमरीही खाली येते, कारण झाडावर उगवलेले जे दुसरे झाड ते बांडगूळच, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बाजूला ठेवून मृग ते आर्द्रा हे साधारण चार आठवडे कामी लावले, तर वळवाच्या वाऱ्याने मोडलेल्या फांदीवरची आमरी घराच्या अंगणात अनेक वर्षे फुलवता येते.

बांडगूळ आणि आमरी यांतला फरक फांदी हातात घेऊन पाहिल्यास लगेच कळतो. बांडगूळ जिथे चिकटते तिथे यजमान झाडाच्या लाकडालाच गाठ येते आणि त्याची शोषक मुळे थेट आतल्या रसावर जगतात, म्हणून त्या गाठीच्या खालून फांदी कापण्याशिवाय इलाज नसतो. आमरीची मुळे मात्र पेन्सिलीहून थोडी बारीक, रुपेरी पांढरी आणि केवळ सालीवरून सरपटत गेलेली असतात. नखाने उचलली तर ती सालीपासून सुटतात आणि खाली लाकडाला साधी खूणही नसते. त्या मुळावर पाण्याचा थेंब टाकावा: पांढरा रंग पाहता पाहता हिरवा होतो, कारण मुळाभोवतीचे स्पंजासारखे आवरण पाणी शोषून पारदर्शक बनते. आमरी झाडाचा फक्त आधार घेते, अन्न घेत नाही, त्यामुळे तिच्यामुळे आंब्याचे उत्पन्न घटते असे मानण्याचे कारण नाही.

आता नेमकी कोणती आमरी, हा प्रश्न. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाच्या घाटपट्ट्यात आढळणारी सुवासिक जात म्हणजे ठिपक्यांची आमरी, शास्त्रीय नाव एरिडीस मॅक्युलोजा. हे नाव लिंडले या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1845 मध्ये दिले आणि ‘मॅक्युलोजा’चा अर्थच ठिपकेदार असा आहे. तिचे खोड आखूड असते, पाने जाड, पट्ट्यासारखी आणि दोन्ही बाजूंनी एकाआड एक लागलेली असतात, आणि पानाचे टोक दोन असमान गोलसर भागांत दुभंगलेले असते. फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढे, फिकट गुलाबी पाकळ्यांवर जांभळे ठिपके आणि मध्ये गडद गुलाबी-जांभळी जीभ (इतरांहून वेगळ्या आकाराची पाकळी), असे असते. तिच्या जवळची एरिडीस क्रिस्पा ही जात अधिक उंच वाढते, तिचे खोड जांभळट तपकिरी दिसते, फूल मोठे आणि पांढरट असते आणि जिभेची कड झालरीसारखी कातरलेली असते. सीतेची वेणी म्हणून ओळखली जाणारी ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा, जी आसामात कोपौ फूल म्हणून बिहूच्या सणात केसांत माळतात, तिचा तुरा फाटे न फुटता शेपटासारखा गच्च भरलेला असतो आणि पाने मधोमध खोल पन्हाळीसारखी असतात. नुसत्या पानांवरून जात ठरवू नये, माझीही त्यात दोनदा फसगत झाली आहे. फुलावर असतानाच झाडाला चिठ्ठी बांधून ठेवावी आणि हलवाहलव तुरा सुकल्यावर करावी. वासाची परीक्षा ऊन अंगावर आल्यानंतर सकाळच्या वेळी घ्यावी, कारण पाऊस पडून गेल्यावर किंवा सांजेला तोच तुरा जवळजवळ निर्गंध वाटू शकतो.

रोप मिळवण्याबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाडे काढणे हा 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असल्याने रोपे परदेशी पाठवण्यावरही निर्बंध आहेत. म्हणून स्वतःच्या मालकीच्या बागेत पडलेल्या फांदीवरचे रोप, किंवा प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेले रोपवाटिकेतील रोप, एवढ्याच दोन वाटा धराव्यात. आमरीचे बी धुळीएवढे बारीक असून त्यात अन्नसाठा नसतो, निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. त्यामुळे शेंग फोडून बी कुंडीत पेरण्याचा खटाटोप व्यर्थ जातो.

बांधणीचा मुहूर्त मुळांकडे पाहून ठरवावा. मृगाच्या सरी पडू लागल्या की सुप्त मुळांची टोके हिरवी किंवा लालसर चकचकीत होऊन पुढे सरकू लागतात, आणि हीच टोके नव्या सालीला चिकटतात. जुने मूळ एकदा सुटले की पुन्हा घट्ट धरत नाही. रोप दहा मिनिटे पाण्यात ठेवून मुळे मऊ करावीत, दाबल्यावर पोकळ लागणारी मेलेली मुळे उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीने कापावीत आणि टणक मुळे सर्व राखावीत. आधारासाठी आंबा, फणस किंवा ऐन अशी खडबडीत, टिकाऊ सालीची झाडे निवडावीत. पेरू आणि निलगिरी साल टाकतात, त्यांच्याबरोबर आमरीही खाली येते. काथ्याच्या दोरीने किंवा सुती पट्टीने रोप असे बांधावे की ते हलणार नाही, पण शेंडा थोडा बाहेर व खाली कलता राहील. तांब्याची तार कधीही वापरू नये, कारण तांबे मुळांना घातक ठरते. त्याच कारणाने खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि चुना यांचा लेप) लावणाऱ्या बागायतदारांनी आमरी पेस्टच्या पट्ट्याच्या बऱ्याच वर बांधावी.

अंगणात झाड नसल्यास लाकडी फळी किंवा भरपूर भोके असलेली मातीची कुंडी चालते. कुंडीत माती अजिबात घालू नये. कोकणात आणि घाटमाथ्यावर फक्त लोणारी कोळशाचे मोठे तुकडे आणि विटांचे खडे पुरेत. नारळाचे सोडण तिथल्या पावसात आठवडे ओले राहते आणि मुळे कुजवते. मी पहिल्या वर्षी कौतुकाने सोडण भरले आणि श्रावण संपण्याआधी रोप हातात सुटून आले. पुणे, नाशिक यांसारख्या कोरड्या हवेच्या भागात मात्र कोळशात थोडे सोडण मिसळणे फायद्याचे असते, फक्त ते आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यातील क्षार आणि रंग काढून टाकावा.

पावसाळाभर उघड्यावरच्या रोपाला वेगळे पाणी लागत नाही. हस्त सरल्यावर एक दिवसाआड सकाळी मुळे हिरवी होईपर्यंत पाणी द्यावे, थंडीत त्याहून कमी करावे आणि फाल्गुनापासून उन्हाळाभर रोज सकाळी, फार कोरडी हवा असल्यास संध्याकाळीही, हलका फवारा मारावा. दोन पाण्यांच्या मध्ये मुळे पुन्हा पांढरी झालीच पाहिजेत. जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी साठवून वापरलेले उत्तम. ऊन सकाळचे कोवळे मिळावे. पाने गर्द काळपट हिरवी असतील तर उजेड कमी पडतो आहे आणि पिवळट-तांबूस असतील तर तो जास्त होतो आहे, असे समजून जागा बदलावी. वाढीच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबर, 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा ओल्या मुळांवर फवारावे आणि थंडीत बंद ठेवावे.

आमरीला वाढीचा शेंडा एकच असतो, म्हणून पावसाळ्यातील सर्वांत मोठे नुकसान शेंड्याच्या कुजीने होते. मधले पान पाणचट, काळे पडून ओढताच निघून आले, तर कुजलेला भाग निरोगी हिरव्यापर्यंत निर्जंतुक पात्याने कापावा, जखमेवर दालचिनीची पूड दाबावी आणि रोप चार दिवस पावसाआड, वाऱ्यावर टांगावे. पूड मुळांना लागू देऊ नये, ती मुळे सुकवते. अशा रोपाला पुढे बगलेतून नवा फुटवा येण्याची शक्यता असते, त्यामुळे ते घाईने फेकू नये. गोगलगायी मुळांची कोवळी टोके रात्रीत कुरतडतात. विजेरी घेऊन दोन-चार रात्री त्या वेचणे हा विषारी गोळ्यांपेक्षा बरा उपाय आहे, विशेषतः घरात कुत्री-मांजरे असल्यास. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात बसतात, ते जुन्या मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात पुसून काढावेत.

नुकतेच बांधलेले रोप पुढच्या उन्हाळ्यात फुलेलच असे नाही, पहिले वर्ष ते मुळे धरण्यातच घालवते. चैत्रात पानाच्या बगलेतून काही डोकावू लागले की ते मूळ आहे की तुरा, हे पाहावे: मुळाचे टोक गोल, गुळगुळीत व ओलसर चमकदार असते, तर तुऱ्याचा कोंब किंचित चपटा, टोकदार आणि बारीक खवल्यांनी झाकलेला असतो. तो कोंब दिसल्यापासून फुले उमलेपर्यंत टांगलेले रोप फिरवू नये, कारण दिशा बदलली की कळ्या उजेडाकडे वळत राहतात आणि तुरा वेडावाकडा होतो.