घरात पाळणाघर चालवताय? या चुका टाळा (यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात)

डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये नऊ वर्षं पाळणाघर चालवतेय, सध्या सहा मुलं आहेत. घर आपलंच असलं की एक गोची होते, रोजच्या वस्तू आपल्याला दिसेनाशाच होतात. एकदा कपाटाखाली गेलेला बॉल काढायला पालथी पडले तर आत डांबरगोळी! पांढरी, गोल, अगदी पेपरमिंटसारखी. माझं घर, मीच टाकलेली, आणि रांगणारं पोर रोज तिथेच खेळत होतं.

तसंच फिनाईलचं. सुटं फिनाईल आणून कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायची सवय जवळपास प्रत्येक घरात असते, माझ्याकडेही होती. मुलाला लेबल वाचता येत नाही हो, त्याला बाटली कळते. मूळ डब्यातच ठेवा आणि वरच्या कपाटात, सिंकखाली नको. आणि चुकून प्यायलंच तर बोटं घालून उलटी काढायला जाऊ नका, दूधही पाजू नका, बाटली घेऊन सरळ दवाखाना गाठा. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतणं तर कधीच नको, विषारी गॅस होतो, छोट्या बाथरूममध्ये मोठ्या माणसालाही त्रास होतो.

आता स्वच्छता. फरशीला घमघमाट आला की आईबाबा खूश, पण मुलं आजारी पडतात ती फरशीपेक्षा आपल्या हातांमुळे. डायपर बदलला, सॅनिटायझर चोळला आणि लगेच वरणभात कालवायला बसलो, ही चूक सगळ्यात कॉमन. हात मळलेले असतील तर सॅनिटायझर नीट चालत नाही, जुलाबाच्या काही व्हायरसवर तर फारसा उपयोगच नसतो. साबण लावून वीस सेकंद हात धुवायचे, दुसरा इलाज नाही. आणि तो एकच नॅपकिन ज्याने पाच जणांची शेंबडी नाकं पुसली जातात, तो आजच फेका. तोंडात गेलेल्या खेळण्यांसाठी मी वेगळा टब ठेवलाय, संध्याकाळी साबणाच्या पाण्यात आणि मग गॅलरीत वाळत.

बाथरूमचं मात्र नीट वाचा. आमच्याकडे पाणी ठरल्या वेळेलाच येतं म्हणून बादल्या, ड्रम कायम भरलेले. नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत वाकलं की डोकं जड असल्याने उलटं पडतं आणि त्याला परत वर येता येत नाही, दोन-तीन इंच पाणीसुद्धा पुरतं, आणि आवाज काही येत नाही, आपल्याला वाटतं खेळतंय आत. बाथरूमला बाहेरून वर कडी हवी, रिकाम्या बादल्या पालथ्या, ड्रमला घट्ट झाकण. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून घासायचा, डेंग्यूचा डास याच साठवलेल्या पाण्यात होतो आणि तो चावतो दिवसा, म्हणजे नेमकी मुलं आपल्याकडे असताना.

औषधाचा घोळ सांगते. एका आईने फोनवर सांगितलं, "काकू, ताप आला तर पाच एमएल द्या," आणि बॅगेत बाटली होती ड्रॉप्सची. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये पाच एमएलला साधारण 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, 250 चंही मिळतं, पण ड्रॉप्समध्ये एका एमएललाच 100! म्हणजे दहा किलोच्या पोराला मी 500 देणार होते, त्याला 150 पुरे. ड्रॉपर बघून शंका आली म्हणून वाचलो. तेव्हापासून बाटलीचा फोटो, किती एमएल, शेवटचा डोस कधी दिला, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून हवं, नाहीतर देत नाही. आणि सकाळी डोस पाजून सोडलेलं मूल ओळखायला शिका, दहाला हसत खेळत असतं, साडेबाराला अंग तापायला लागतं. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच घ्या. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत नाही.

खाण्याचं थोडक्यात: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजीने गुटीत घालून दिलं तरी. एवढं लहान बाळ झोपवायचं पाठीवर, कडक गादीवर, उशी-गोधडीशिवाय, आणि गळ्यातला काळा दोरा काढून. यावरून एका आजींनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

शेवटचं, संध्याकाळी साडेसहाची गडबड. तीन पालक एकदम, दार उघडं, चपलांचा ढीग, "आज जेवला का हो नीट" चालू, आणि एक पोरगी माझ्या पायाजवळून निसटून थेट लिफ्टपाशी. आता वरची कडी लावते, एका वेळी एकच पालक आत, आणि ज्याचा फोटो आईबाबांनी दिलेला नाही त्याच्या हाती मूल नाही. एक आजोबा अजून चिडतात बाहेर उभं केलं की. उभे राहतात पण.